कामाधंद्याचं इंग्रजी: सुरुवात आपल्याच मराठी वाक्यापासून

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला बहुतेक मंडळी पाळी संपवून येतात. कुणी आयटीआय करून चाकणला फिटर म्हणून लागलेला असतो, कुणी खासगी दवाखान्यात नर्स असते, कुणी किराणा दुकान सांभाळून बँकेच्या परीक्षेची तयारी करत असतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच सांगते: तुम्ही काय काम करता ते इंग्रजीत चार-पाच वाक्यांत सांगा. त्या वाक्यांत दर वर्षी त्याच चुका ऐकू येतात आणि त्यांचं मूळ आपल्या पक्क्या मराठीत असतं. वाक्य मनात मराठीत तयार होतं, मग आपण त्याच साच्यात इंग्रजी शब्द ओततो. साचा नेमका कुठे वेगळा आहे ते कळलं की दुरुस्ती सोपी जाते. म्हणून हा लेख व्याकरणाच्या पुस्तकाच्या क्रमाने नाही, मराठी वाक्यांच्या क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: वहीत पाच मराठी वाक्यं

इंग्रजीकडे वळण्याआधी वहीच्या डाव्या पानावर स्वतःबद्दल पाच वाक्यं मराठीत लिहा. मी कोण आहे. मी कुठे काम करतो. किती वर्षांपासून करतो. त्याआधी कुठे होतो. सुट्टी कधी असते. उदाहरणार्थ:

मी फिटर आहे. मी चाकणला एका कंपनीत काम करतो. पाच वर्षांपासून तिथेच आहे. त्याआधी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये होतो. रविवारी सुट्टी असते.

उजवं पान कोरं ठेवा. शेवटच्या पायरीला ही वाक्यं तिकडे न्यायची आहेत.

दुसरी पायरी: ‘मी फिटर आहे’

मराठीत व्यवसायाच्या नावाआधी काहीच लागत नाही, म्हणून आपण ‘आय ॲम फिटर’ म्हणतो. इंग्रजीत एका माणसाचा व्यवसाय सांगताना ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवाच: ‘आय ॲम अ फिटर’, ‘माय सिस्टर इज ॲन इलेक्ट्रिशियन’. अनेकजण असतील तर तो गळतो: ‘वी आर फिटर्स’.

‘अ’ कधी आणि ‘ॲन’ कधी, हे शाळेत ए-ई-आय-ओ-यू या अक्षरांवरून शिकवतात आणि तिथेच घोळ होतो, कारण नियम स्पेलिंगचा नसून उच्चाराचा आहे. आपल्याकडे मात्र देवनागरी आहे, आणि ती उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. एचआर मॅनेजर ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एचआर मॅनेजर’. एमबीए, एक्स-रे टेक्निशियन, ऑनेस्ट वर्कर, सगळ्यांना ‘ॲन’. युनियन लीडर ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनियन लीडर’. एका वर्षाचा करार म्हणजे ‘अ वन-इयर काँट्रॅक्ट’, कारण स्पेलिंगमध्ये ‘ओ’ असला तरी आपण ‘व’ लिहितो. एक अपवाद लक्षात ठेवा: वर्ष या अर्थाचा ‘इयर’ आपण ‘इ’ने लिहितो, पण इंग्रजीत त्याचा उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’.

एकाच माणसाकडे असणाऱ्या पदाला निवडीच्या वाक्यात काहीच लागत नाही. ‘आमच्या ताई सरपंच म्हणून निवडून आल्या’ याचं ‘शी वॉज इलेक्टेड सरपंच’ एवढंच होतं. तिथे मराठी आणि इंग्रजी जुळतात.

तिसरी पायरी: ‘कंपनीत’, ‘चाकणला’, ‘स्टोअरमध्ये’

मराठीत ‘त’, ‘ला’ आणि ‘मध्ये’ या तीन चाव्यांनी जवळजवळ सगळी कुलपं उघडतात. इंग्रजीत प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली आहे. पगार ज्याच्याकडून मिळतो त्याच्या आधी ‘फॉर’. इमारत, प्रकल्प, दवाखाना असं ठिकाण असेल तर ‘ॲट’. शहर, खातं किंवा क्षेत्र असेल तर ‘इन’. हुद्दा सांगायचा तर ‘ॲज’. पाळी सांगायची तर ‘ऑन’. सगळं एका वाक्यात गुंफून पाठ करा:

‘आय वर्क ॲज अ फिटर फॉर अ कंपनी दॅट मेक्स गिअरबॉक्सेस. आय ॲम इन द असेंब्ली डिपार्टमेंट ॲट इट्स चाकण प्लांट. धिस वीक आय ॲम ऑन द नाइट शिफ्ट.’

नोकरीसाठी अर्ज करतानाही दोन किल्ल्या लागतात: ‘अप्लाय फॉर अ जॉब’, पण ‘अप्लाय टू अ कंपनी’.

चौथी पायरी: ‘काम’ या एका शब्दाचे तुकडे

मराठीतलं ‘काम’ फार मोठं आहे. नोकरीही काम, घरचं भांडी घासणंही काम, आणि ‘माझं तुमच्याकडे एक काम होतं’ यातही कामच. इंग्रजीत आधी दोन शब्द वेगळे करा. ‘वर्क’ मोजता येत नाही, ‘जॉब’ मोजता येतो. ‘आय हॅव टू जॉब्स’ बरोबर, ‘टू वर्क्स’ चूक. ‘आय हॅव अ वर्क’ही चूक, ‘आय हॅव सम वर्क’ म्हणा. मग पीडब्ल्यूडीच्या पाटीवर ‘पब्लिक वर्क्स’ कसं, असं वर्गात कुणीतरी विचारतंच. तिथे अर्थ वेगळा आहे: रस्ते, पूल, इमारती अशी बांधकामं. जुन्या कारखान्यांच्या नावांतलं ‘वर्क्स’ही असंच, म्हणजे कारखाना.

कामाला जाणं म्हणजे ‘गो टू वर्क’. मध्ये ‘द’ घालायचा नाही. ऑफिसला जाणं मात्र ‘गो टू द ऑफिस’.

मराठीत रुळलेले काही इंग्रजी शब्द मूळ जागेपासून सरकलेले आहेत. ‘ते सर्व्हिसला आहेत’ असं आपण सहज म्हणतो. ‘ही इज इन सर्व्हिस’ म्हटलं तर जुन्या ब्रिटिश वापरात त्याचा अर्थ घरगड्याची चाकरी होतो, आणि ‘इन द सर्व्हिस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सैन्य आठवतं. साधं ‘ही वर्क्स फॉर अ बँक’ म्हणा. ‘माझी ड्युटी आठ ते चार’ यातल्या ड्युटीला तिकडे ‘शिफ्ट’ म्हणतात. ‘ऑन ड्युटी’ म्हणजे कामावर हजर, तो वापर चालतो. ‘स्टाफ’ हा सगळ्यांचा मिळून एक शब्द आहे. एका माणसाला ‘अ स्टाफ’ म्हणत नाहीत, ‘अ मेंबर ऑफ स्टाफ’ म्हणतात. तसंच ‘पोलीस’: एक पोलीस म्हणजे ‘अ पोलीस ऑफिसर’, आणि ‘द पोलीस’ नेहमी अनेकवचनी, ‘द पोलीस आर हिअर’.

पाचवी पायरी: ‘पाच वर्षांपासून’

इथे थांबा आणि वेळ द्या. मुलाखतीत सगळ्यात जास्त कानाला खटकणारी चूक हीच.

मराठीत ‘२०१९ पासून’ म्हणतात आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतात. दोन्हीकडे एकच ‘पासून’. म्हणून आपण दोन्हीकडे ‘सिन्स’ लावतो आणि ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ तयार होतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण आणि मधला काळ यांना वेगळे शब्द आहेत. माझी कसोटी अशी: भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून ‘इथून’ म्हणता येतं का? येत असेल तर ‘सिन्स’: सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. बोट ठेवता येत नाही, तो टेपने मोजावा लागतो? मग ‘फॉर’: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर सिक्स मंथ्स.

एवढं जमलं तरी क्रियापद राहतं. मराठीत ‘पाच वर्षांपासून काम करतो आहे’ यात वर्तमानकाळ आहे, म्हणून तोंडून ‘आय ॲम वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ येतं. इंग्रजीला मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या कामासाठी खास रूप लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. हे वाक्य एकेक शब्द जुळवत बोलू नका, गाण्याच्या ओळीसारखं सलग तोंडात बसवा. माझ्या वर्गात आम्ही ते वर्षं बदलून, ठिकाण बदलून वीस-वीस वेळा म्हणतो.

‘काम करतो’ आणि ‘करतो आहे’ हा फरकही इथेच लागतो. कायमची नोकरी असेल तर ‘आय वर्क इन अ बँक’. ‘आय ॲम वर्किंग इन अ बँक’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे तात्पुरतं आहे. सध्या बदलीवर गेलेल्या माणसाने मात्र ‘आय ॲम वर्किंग इन नाशिक धिस मंथ’ असंच म्हणावं.

आता चौथं वाक्य: ‘त्याआधी भोसरीला होतो.’ ते काम संपलं, म्हणून साधा भूतकाळ: ‘बिफोर दॅट आय वर्क्ड ॲट अ वर्कशॉप इन भोसरी फॉर थ्री इयर्स’. इथे ‘हॅव वर्क्ड’ म्हणाल तर समोरच्याला वाटेल तुम्ही अजून तिथेच आहात. आणि ‘मी २०१६ मध्ये रुजू झालो होतो’ यातला ‘होतो’ आपल्याला ‘आय हॅड जॉइन्ड’कडे ओढतो. मराठीत तो ‘होतो’ जुनी गोष्ट सांगताना सहज येतो. इंग्रजीत ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची सांगायची असते: ‘आय हॅड लर्न्ट वेल्डिंग बिफोर आय जॉइन्ड द कंपनी’. नुसती तारीख सांगायची तर ‘आय जॉइन्ड इन २०१६’.

‘मला पाच वर्षांचा अनुभव आहे’ याला ‘आय ॲम हॅविंग’ लावू नका. ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. शेवटी अनेकवचनी ‘स’ नको. ‘एक्स्पीरियन्सेस’ म्हणजे आयुष्यातले बरेवाईट प्रसंग.

सहावी पायरी: कोण देतं, कोण घेतं

आपण परीक्षा देतो. मुलाखत देतो. राजीनामा देतो. ही ‘देणं’ची सवय इंग्रजीत फसवते.

परीक्षा इंग्रजीत विद्यार्थी घेतो: ‘आय टुक द एक्झाम’, ब्रिटिश वळणाने ‘आय सॅट द एक्झाम’. देणारे शिक्षक असतात. मराठीत बरोबर उलटं, शिक्षक परीक्षा घेतात. मुलाखतीचंही तसंच. ‘आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू’ म्हटलं तर एखाद्या मंत्र्याने वाहिनीला दिलेली मुलाखत डोळ्यांसमोर येते. नोकरीसाठी गेलात तर ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय वेंट फॉर ॲन इंटरव्ह्यू’. राजीनाम्याला ‘आय रिझाइन्ड’ हे एकच क्रियापद पुरतं. नोटीस मात्र तिकडेही देतात: ‘आय गेव्ह वन मंथ्स नोटीस’.

‘पगार झाला’ हे किती सुंदर मराठी आहे, जणू पगार स्वतःच होतो. इंग्रजीत माणूस कर्मणी होतो: ‘आय गॉट पेड’. ‘पगार’ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला, त्यांच्या ‘पैसे देणे’ या क्रियापदावरून. इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात. महिन्याची ठरलेली रक्कम ती ‘सॅलरी’. दिवसावर, तासावर किंवा नगावर मिळते ती ‘वेजेस’. रोजंदारी म्हणजे ‘डेली वेजेस’. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही ‘वेजेस’च होतं.

सुट्टीचे तर तीन शब्द आहेत. सगळ्यांना एकदम मिळते ती ‘हॉलिडे’: १५ ऑगस्ट, महाराष्ट्र दिन. तुम्ही अर्ज करून घेता ती ‘लीव्ह’: ‘आय ॲम ऑन लीव्ह टुडे’. ‘आय ॲम लीव्ह’ म्हणू नका, मधला ‘ऑन’ हवाच. आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी म्हणजे ‘डे ऑफ’ किंवा ‘वीकली ऑफ’: ‘संडे इज माय डे ऑफ’. ही रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी मिळाली, आणि तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडा दिला होता. १८८४ मध्ये त्यांनी काढलेल्या संघटनेचं इंग्रजी नाव होतं ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’. ‘हँड’ म्हणजे हात, आणि त्याच शब्दाचा अर्थ कामगार. ‘फॅक्टरी हँड’, ‘फार्म हँड’ हे शब्द आजही वाचायला मिळतात. माणसाला त्याच्या हातांवरून ओळखणारा हा शब्द मला नेहमी अडकवून ठेवतो, म्हणून वर्गात मी तो इतिहासासकट सांगते.

सातवी पायरी: नोकरी गेली तर

‘काढून टाकलं’ हे मराठीत एकच आहे. इंग्रजीत कारणावरून शब्द बदलतो, आणि चुकीचा शब्द वापरलात तर तुमचंच नुकसान होतं. ‘आय वॉज फायर्ड’ किंवा ब्रिटिश ‘सॅक्ड’ म्हणजे माझ्या वागण्यामुळे किंवा कामातल्या चुकीमुळे काढलं. कंपनीकडे काम उरलं नाही म्हणून काढलं असेल तर ‘आय वॉज लेड ऑफ’. ब्रिटनमध्ये ‘आय वॉज मेड रिडंडंट’. कंपनीच बंद पडलेली असताना ‘फायर्ड’ सांगणारे कितीतरी चांगले कारागीर मी पाहिले आहेत. विनाकारण स्वतःवर ठपका ओढून घेऊ नका.

आपल्या देशातल्या कागदपत्रांत आणखी एक बारकावा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’चा अर्थ नोकरी जाणं असा नाही. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बंद पडलं अशा कारणांनी मालक काही काळ काम देऊ शकत नाही आणि कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं, तो ‘ले-ऑफ’. कायमची कपात म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’. बातम्यांतला आयटीवाल्यांचा ‘ले-ऑफ’ अमेरिकी अर्थाचा, कायमचा. हातात पत्र आलं तर कोणता अर्थ आहे हे आधी पाहा. त्या जुन्या कायद्यात कामगाराला ‘वर्कमन’ म्हटलं होतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तोच ‘वर्कर’ झाला.

संप म्हणजे ‘स्ट्राइक’, आणि त्याचं क्रियापद ‘गो ऑन स्ट्राइक’. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, ते ‘द मिल वर्कर्स वेंट ऑन स्ट्राइक’. मालकाने दाराला कुलूप लावलं तर ‘लॉकआउट’. आपण याला टाळेबंदी म्हणतो आणि २०२० च्या ‘लॉकडाउन’लाही टाळेबंदीच म्हणालो, त्यामुळे इंग्रजी करताना नीट पाहा. लॉकआउट मालक करतो, लॉकडाउन सरकार.

आठवी पायरी: कामकऱ्यांची नावं

शेतकरी, दुकानदार, पत्रकार, कामगार. शेपटी लावून कामकऱ्याचं नाव बनवणं आपल्याला जन्मापासून येतं. इंग्रजीतही तेच: ‘टीच’चा टीचर, ‘वेल्ड’चा वेल्डर, ‘इन्स्पेक्ट’चा इन्स्पेक्टर, ‘टाइप’चा टायपिस्ट, ‘इलेक्ट्रिक’चा इलेक्ट्रिशियन. कुठे कोणती शेपटी याला पक्का नियम नाही, शब्दागणिक ऐकून शिकावं लागतं. एक मात्र आजच लिहून ठेवा: स्वयंपाक करणारा ‘कुक’, ‘कुकर’ नव्हे. तीन शिट्ट्या होतात तो कुकर.

शेवटी ‘अर’ असेल तर करणारा, ‘ई’ असेल तर ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यावर क्रिया होते तो. एम्प्लॉयर म्हणजे मालक, एम्प्लॉयी म्हणजे नोकर. ट्रेनर शिकवतो, ट्रेनी शिकतो. पीएफच्या फॉर्मवरचा ‘नॉमिनी’ही याच घरातला. ही जोडी बोलताना शेवटच्या ‘ई’वर जोर द्या, नाहीतर फोनवर मालक कोण आणि नोकर कोण हेच कळत नाही.

जुन्या नावांतला ‘मॅन’ आता मागे पडतो आहे. फायरमनऐवजी फायरफायटर, चेअरमनऐवजी चेअरपर्सन किंवा नुसतं चेअर, एअर होस्टेसऐवजी फ्लाइट अटेंडंट. अर्जात हीच नावं वापरा. त्या पदावर बाई आहे की पुरुष हे तुम्हाला आधी माहीत नसतं.

उच्चार दोनच सांगते. ‘प्लंबर’मधला ‘ब’ इंग्रजीत मुका आहे, ‘प्लमर’ म्हणा. आणि ‘पर्सनल’ म्हणजे खासगी, तर ‘पर्सोनेल’ म्हणजे कर्मचारीवर्ग; दुसऱ्यात जोर शेवटच्या ‘नेल’वर.

नववी पायरी: उजवं पान

आता वही उघडा आणि डाव्या पानासमोर उजवं भरा. आपल्या फिटरचं पान असं होईल:

‘आय ॲम अ फिटर. आय वर्क फॉर अ कंपनी इन चाकण. आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स. बिफोर दॅट आय वर्क्ड ॲट अ वर्कशॉप इन भोसरी. संडे इज माय डे ऑफ.’

हे आरशासमोर नको, घरातल्या कुणासमोर तरी म्हणा. मुलगा-मुलगी असेल तर त्यांना विचारायला लावा: ‘व्हॉट डू यू डू?’ हा प्रश्न व्यवसायाचा आहे. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे या क्षणी काय चाललं आहे; त्याला ‘आय ॲम अ फिटर’ हे उत्तर होत नाही, ‘आय ॲम पीलिंग पोटॅटोज’ हे होतं. दोन्ही प्रश्न आलटून पालटून विचारून घ्या, कान तयार होतो.

प्रत्यक्ष मुलाखतीत पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं येतं: ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’. त्यातला ‘सेल्फ’ ऐकून आपलं तोंड ‘मायसेल्फ’ने उघडतं. ‘माय नेम इज’ने सुरू करा, आणि लगेच वहीतल्या उजव्या पानावर या.